ट्रकवरची फुली

नवी बाजरी गिरणीवर यायला लागली की माझ्या डोक्यात फुली उठते. हो, फुलीच. दोन रेघा, एकीवर दुसरी आडवी. थंडी पडली की लोकांना शेकोटी आठवत असेल, हुरडा आठवत असेल. मला फुली आठवते, आणि मशिनीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही म्हणून मी एक कचकचीत शिवी हासडून घेते. बहुतेक वेळा ती मलाच असते.

यंदा बाजरी आणि निवडणूक जोडीनंच आल्या. सकाळी सातला भोंग्याची रिक्षा सुरू होते. तिकडं रिक्षा बोंबलते, इकडं माझी गिरणी बोंबलते, आणि मधल्या मधे गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मी त्याच्या ओठांकडं बघून ओळखते. काल दुपारी आबांचा माणूस आला. आबा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. सरपंच कुणीही असो, गाव चालतं ते आबांच्या ओट्यावरून. हा माणूस रिकाम्या हातानं आला होता, म्हणजे दळायला आला नव्हता.

"अक्का, यंदा नदी मंडळाचा पाठिंबा कुणाला?"

"दळण आणलंय का?"

"न्हाई."

"मग बाजूला बस. लाइन जायच्या आत लोकांचं होऊ दे."

तो हसला आणि पोत्यावर बसला. बसू दे म्हटलं. पाठिंबा हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि माझा हात सुपातच थांबला. पाच वर्षांपूर्वीची तीच थंडी, तोच बाजरीचा गरम वास, आणि समोरच्या भिंतीवर माझ्याच हातानं काढलेला तो मेला ट्रक.

आमचं गाव सिंदफणेच्या काठी. बाजार तलवाड्याचा, पण पाणी नदीचं. माझी गिरणी नदीला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे नदीकडं जाणारं आणि नदीकडून येणारं सगळं माझ्या डोळ्यांपुढून जातं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मला वाळूत झिरा काढायला शिकवलं. हातानं वाळू बाजूला सारायची, कोपरापर्यंत हात गेला की बोटं गार पडतात. मग थांबायचं. घाई केली तर पाणी गढूळ होतं. थोड्या वेळानं खाली आरशासारखं पाणी साचतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. वरून ऊन असं की तळपाय भाजतात आणि खाली हात गारठलेला. नदी आटली म्हणून आमच्याकडं कुणी रडत नसे. नदी वाळूखाली निजलीय, एवढंच म्हणत.

मग हायवा आले, वाळू भरून नेणारे दहा चाकी ट्रक. नाव काय तर हायवा, आणि काम काय तर नदी उचलून न्यायची. गावाच्या वरच्या अंगाची वाळू गेली, खालच्या अंगाची गेली. तिथं आता खड्डे आहेत, गाळ आहे आणि वेड्या बाभळी आहेत. राहिला तो महादेवापासून विहिरीपर्यंतचा मधला पट्टा. गावाच्या नळाला पाणी देणारी विहीर त्याच पट्ट्यात आहे. वाळू आहे तोवर विहिरीला पाझर आहे. हे समजायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. आणि तो पट्टा लिलावात काढायचा तर ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणून सरपंचाची खुर्ची. ठराव पुढं आणायचा की दाबून ठेवायचा, ते त्या खुर्चीवरून ठरतं. आमच्या गावातल्या निवडणुकीत पक्ष, पॅनल, जात, भावकी सगळं असतं, पण तळाशी खरवडलं की वाळू लागते.

आमचं नदी मंडळ म्हणजे बारा-तेरा बाया आणि एक गुरुजी. गुरुजी निवृत्त झालेले. अर्ज तेच लिहायचे, सुवाच्य, समासबिमास सोडून. आम्ही सह्या-अंगठे करायचो. अर्ज तहसीलला जायचा आणि हायवा नदीत जायचा. दोघंही आपापल्या रस्त्यानं नेमानं जात.

द्रौपदा मंडळातली सगळ्यात कमी बोलणारी बाई. दरवर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. त्या वर्षी सरपंचाची जागा बाईला सुटली आणि द्रौपदा म्हणाली, "मी जात न्हाई यंदा. उभी राहते." नवरा एकटाच गेला. अर्धा कोयता म्हणून मुकादमाचं लई ऐकून घेतलं त्यानं, पण गेला. तिचं म्हणणं सरळ होतं. "माजं रान विहिरीच्या खालच्या अंगाला हाय, अक्का. पाझर राहिला तर बोअरला पाणी राहील. पाणी राहिलं तर मला उसात जावं लागणार न्हाई. वाळू गेली की मी गेले." एवढंच. भाषण नाही, घोषणा नाही. तिच्या आयुष्याचा सौदा त्या पट्ट्यावर होता आणि ते तिनं एका दमात सांगून टाकलं.

समोर आबांच्या मालकीणबाई उभ्या राहिल्या. म्हणजे फोटो मोठा आबांचा, नाव बाईंचं. बाई बिचाऱ्या पोस्टरच्या कोपऱ्यात तिकिटाएवढ्या.

मंडळाची बैठक माझ्या गिरणीतच झाली, लाइन गेलेली असताना. मी म्हटलं, द्रौपदाला मंडळाचा पाठिंबा जाहीर करू. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते काही अवघड बोलायचं असलं की चष्मा पुसतात. म्हणाले, "आपण पर्यावरणवाले आहोत. नदीला पक्ष नसतो. एकदा का आपण नाव घेतलं, की आपणही त्यांच्यातलेच झालो. लोक म्हणतील, नदीच्या नावाखाली राजकारण करतात."

आता खरं सांगते. तोंडानं मी थोडी भांडले, पण मनातून मला हायसं वाटलं. माझ्या गिरणीवर दोन्हीकडचं दळण येतं. आबांच्या गल्लीतलं येतं, वस्तीवरचं येतं. नाव न घेता नदी वाचत असेल तर कुणाला नको आहे? म्हणून मीच तोड काढली. नाव नको, चित्र काढू. भिंतीवर वाळूचा ट्रक काढायचा आणि त्यावर लाल फुली मारायची. ट्रक नको. झालं. कुणाचं नाव नाही, कुणाला राग नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी स्वतःला लई शहाणी समजले त्या दिवशी.

काय दिवस होते ते! कपाशी वेचून आलेल्या बाया संध्याकाळी ब्रश धरायच्या. चाकं गोल येईनात, तेव्हा आम्ही परात भिंतीला लावून तिच्याभोवती रेघ मारली. सगळ्या ट्रकांची चाकं भाकरीच्या परातीएवढी. हसून हसून पोटात दुखायचं. गेरूनं ट्रक, तेलरंगानं फुली, ठळक, लांबून दिसेल अशी. देवळामागं, दुकानावर, शाळेच्या वाटेवर, आणि सगळ्यात मोठा माझ्या गिरणीसमोरच्या भिंतीवर. नंतर किती दिवस बायांच्या नखांतला तांबडा रंग निघाला नाही. ज्याच्या त्याच्या भाकरीला गेरू.

मग चिन्हं वाटली. द्रौपदाला कपबशी आली. आणि आबांनी काय मागून घेतलं असेल?

ट्रक.

मागून घेतला हो! यादीत छत्री होती, शिट्टी होती, नारळ होता. माणसानं गावात एक चक्कर मारली, भिंतीभिंतीवर ट्रक बघितला आणि पहिल्या पसंतीला ट्रक लिहून दिला. संध्याकाळी हाच माणूस, काल पोत्यावर बसला होता तोच, गिरणीवर येऊन म्हणाला, "अक्का, एवडी मेहनत घेतली, रंग तरी आमच्याकडून न्यायचा व्हता की!"

मी तशीच गुरुजींकडं गेले. लगेच बैठक घेतली. मी म्हटलं, आता तरी सरळ लिहू, कपबशीला मत द्या, द्रौपदाबाईला मत द्या. गुरुजी म्हणाले, "घाबरता कशाला? फुली म्हणजे नको, हे शेंबड्या पोराला कळतं." त्यांचं खरंच होतं. पोरांना कळतं. पण कार्तिक उलटल्यावर आमच्या गावात तरणी माणसं राहतात कुठं? घराघराला कुलूप, नाहीतर ओट्यावर एक म्हातारी आणि दोन नातवंडं. निम्मं गाव उसात. मागं राहतात ती सगळी कागदी मतपत्रिकेच्या काळातली माणसं. त्यांनी जन्मभर शिक्का मारला तो फुलीचा. जन्मभर ऐकलं ते हेच, की अमक्या चिन्हावर फुली मारा. आम्ही मात्र फुली म्हणजे नको, असं धरून बसलो.

आणि त्याहून मोठा गाढवपणा ऐका. माझ्या गिरणीवर दळून झालेल्या डब्यावर मी खडूनं काय करते? फुली. वीस वर्षं करतेय. फुली दिसली की बाई डबा उचलते, काम झालं, पक्कं झालं म्हणून. गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या लेखी माझ्या हातची फुली म्हणजे होय. हे मला सुचू नये?

मतदानाच्या दिवशी दुपारी सोजरमावशी आली. सत्तरी ओलांडलेली, पोरगा-सून उसात, घरी दोन नाती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. बोटाची शाई मला दाखवत म्हणाली, "बजावलं गं बाई. तुज्या सांगण्यापरमानंच केलं."

"काय केलं मावशी?"

"आगं, ट्रक! भितीवर तू फुली मारून ठिवलीस न्हाई का? तितलंच बटण दाबलं. शेजारणीलाबी सांगितलं, गिरणीवाल्या अक्काची फुली हाय, डोळं झाकून दाब म्हणून."

मशीन चालू होती. पीठ पडत होतं. मावशी खुशीत होती, तिनं माझ्या गालावरचं पीठ पदरानं पुसलं आणि गेली.

हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या मतांनी द्रौपदा पडली. गुलाल उधळत मिरवणूक गिरणीवरून गेली. माझ्या भिंतीवरच्या ट्रकलाही कुणीतरी हार घातला.

दुसऱ्या दिवशी द्रौपदा आली. मी तिच्या तोंडाकडं बघू शकत नव्हते. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "समदं गाव म्हणत व्हतं नदी वाचवा. माजं नाव कावून घेतलं न्हाई कुणी, अक्का?" मी काय सांगणार होते? गिऱ्हाईक तुटेल म्हणून? नदीला पक्ष नसतो म्हणून? संध्याकाळी तिनं बोचकं बांधलं, कोयता गोणपाटात गुंडाळला आणि नवऱ्याकडं उसात निघून गेली. जाताना गिरणीवरून गेली तेव्हा मी बाजरी चाळत होते, उगीचच, चाळलेलीच परत.

तेव्हापासून मला त्या स्वच्छ राहण्याची चीड आहे. राजकारण घाण, आपण त्यात हात घालायचा नाही, असं म्हणणारी माणसं मला आता बघवत नाहीत. अरे, वाळू नेणारा राजकारण करून नेतो, आणि वाळू राखणाऱ्यानं फक्त अर्ज लिहायचे? नदीला पक्ष नसेल, पण नदीचे वैरी तर आहेत ना, आणि ते दर निवडणुकीला उभे राहतात. त्यांच्यासमोर उभं राहणारीचं नाव घ्यायला आपली जीभ का जड व्हावी? बाजरीचं पीठ चार दिवस ठेवलं की कडू होतं. बोलायची गोष्टही तशीच, वेळेवर नाही बोललं की कडू होते आणि मग आपल्यालाच खावी लागते. मी पाच वर्षं खाल्ली.

त्याच थंडीत, सव्वीस जानेवारीला, ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि ग्रामसेवक विषय वाचू लागला. गावात तेव्हा म्हातारीकोतारीच. आबांचा हिशेब बरोबर होता. घरकुलाची यादी, नालीचं काम, आणि त्याच्या मधेच, घाईघाईत, वाळूघाटाच्या लिलावाला शिफारस. "सर्वानुमते मंजूर," म्हणून त्यानं पेन टेकवलं.

त्याच्या आदल्या दिवशी सोजरमावशी माझ्याकडं येऊन गेली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, तुझ्या बटणानं द्रौपदा पडली. म्हातारी घुश्शातच आली. "फुली कावून केलीस गं भवाने? फुली म्हंजी मत, हे तुला ठावं न्हाई? दारूच्या मतदानाला बाया आडवी बाटली म्हणतेत. बाटली आडवी, दारू बंद. हे आमाला कळतं. ट्रक नको म्हणायचा व्हता तर ट्रकाला आडवा पाडायचा!" मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. तिनं रडू दिलं, मग म्हणाली, "हं, झालं? ऊठ आता. ब्रश कुटं हाय?" आम्ही दोघींनी भिंत पांढरी केली आणि त्यावर नवा ट्रक काढला, चाकं वर केलेला.

तर ग्रामसेवकानं पेन टेकवलं, आणि मला उभं राहायचं होतं, पण मी बसूनच राहिले. आबा समोर खुर्चीत. त्यांचा पुतण्या भिंतीला टेकून उभा. तो मुकादम. मावशीचा पोरगा, सून त्याच्याच टोळीत, परमुलखात. त्याच्या एका फोनवर त्यांचं तिथलं जगणं अवघड होऊ शकत होतं. आणि तीच मावशी उठली.

"थांब रे लेकरा. सर्वानुमते म्हंजी कुणाच्या मते? मपलं मत तर तू इचारलंच न्हाई."

"मावशी, बसा खाली," पुतण्या म्हणाला.

"मी निवडणुकीला चुकले. चूक मपली न्हाई, ह्या गिरणीवालीची हाय. पर हात मपला हाय." आणि तिनं हात वर केला. "ट्रक आडवा. वाळू द्यायची न्हाई."

कोपरापर्यंत बांगड्यांचे वळ पडलेला, सुकलेला हात. सभेत एकटाच. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी उठले आणि तोंडानं बोलले. पहिल्यांदा नाव घेऊन बोलले. "ही वाळू आबांना पाहिजे. गावाला विहीर पाहिजे. द्रौपदा हेच सांगत होती, आणि मी तिचं नाव घेतलं नाही, ही माझी चूक. आज हात वर करा." गुरुजींनी चष्मा पुसला नाही, हात वर केला. मग एकेक म्हातारी, मग ओटे धरून बसलेले म्हातारे. ग्रामसेवकाला मोजावे लागले. सर्वानुमते खोडून त्याला नामंजूर लिहावं लागलं.

आबांच्या गल्लीचं दळण त्यानंतर चार महिने तलवाड्याला जात होतं. तिथलं पीठ जाड येतं. भाकरी थापताना चिरा पडतात. हळूहळू डबे परत आले. मी कुणाला काही म्हटलं नाही. फक्त पहिल्या दिवशी जरा बारीक दळून दिलं.

वाळू अजून आहे. त्यानंतर दरवर्षी ठराव येतो, दरवर्षी हात वर होतात, दरवर्षी एखादा हात कमी होतो. माणसं मरतात, माणसं भितात. म्हणून यंदाची खुर्ची पाहिजेच आहे. यंदाही जागा बाईलाच सुटली आहे. दिवाळीत मी द्रौपदाच्या घरी गेले. उभी राहशील का विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "तुमी नाव घेणार असाल तर. भितीवर चित्रं काडून मला पाडणार असाल तर मी आपली उसात बरी." टोळी निघायला दोन दिवस होते. मी हो म्हटलं. ती थांबली. नवरा पुन्हा अर्धा कोयता होऊन गेला. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "लिहा. मोठ्या अक्षरात नाव लिहा. शुद्धलेखन मी तपासतो."

हो म्हणणं सोपं होतं, तिच्या चुलीपाशी. काल आबांचा माणूस पोत्यावर बसला होता, रांगेत दोन्हीकडचे डबे होते, आणि मी मशिनीच्या आवाजाआड लपून दळत होते. पुन्हा. पाच वर्षांचा पश्चात्ताप, पण गिऱ्हाईक समोर दिसलं की जीभ टाळूला चिकटते. असला स्वभाव असतो माणसाचा.

तेवढ्यात सोजरमावशी आली. आता पार वाकलीय. कमरेवर बाजरीचा डबा. रांगेबिंगेचा विचार न करता पुढं आली आणि माझ्या कानाशी ओरडली, "यंदा कुटं दाबायचं गं? आन् हे बग, भितीवर काय बी काडू नको. तोंडानं सांग."

मी मशीन बंद केली. पट्टा फटफट करत थांबला. एवढी शांतता गिरणीत लाइन गेल्यावरही होत नाही. रांगेतली सगळी माझ्याकडं बघत होती. पोत्यावरचा माणूस उभा राहिला.

"द्रौपदा," मी म्हटलं.

"आं? मोठ्यानं. कान गेलेत मपले."

कान काही गेले नाहीत तिचे. आबांच्या पुतण्याची मोटारसायकल वेशीवर असताना तिला ऐकू येते. मी दारात येऊन उभी राहिले आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशी ओरडले, "द्रौपदाबाई! नदी मंडळाचा पाठिंबा द्रौपदाबाईला! का, तर ती वाळू विकणार नाही!"

पलीकडच्या हॉटेलातली माणसं चहा प्यायची थांबली. मावशी पोत्यावरच्या माणसाकडं वळली. "ऐकलं का बे? जा, सांग तुज्या आबाला."

तो गेला. रांगेतून आबांच्या गल्लीतली एक बाई डबा उचलून निघून गेली. दुसरी निघाली, थांबली, आणि परत रांगेत उभी राहिली. मी मशिनीपाशी परत आले. मावशीनं तिचा डबा माझ्या पायाशी सरकवला.

"दळ आता. आन् झाल्यावर डब्याला फुली करू नको. नाव लिव."